पंधराव्या वर्षी भूमिगत झालेला औंध संस्थानातला मुलगा

‘बनगरवाडी’ ही कादंबरी आपण वाचलेली असते, पण ती लिहिणाऱ्याचं किशोरपण फारसं कुणाला माहीत नसतं. 👇

📍 व्यंकटेश माडगूळकरांचा, म्हणजेच तात्यांचा, जन्म १९२७चा. गाव माडगूळ, आज सांगली जिल्ह्यात. तेव्हा औंध संस्थानाच्या आटपाडी भागात.

🔥 १९४२ची ‘चले जाव’ चळवळ पेटली, तेव्हा तात्या जेमतेम पंधरा वर्षांचे. त्यांनी चळवळीत उडी घेतली, भूमिगत झाले आणि शाळा सुटली ती सुटलीच. ज्या वयात गृहपाठ लपवायचा, त्या वयात हा मुलगा स्वतःलाच लपवत होता!

🤝 तात्यांचं औंध संस्थान मात्र इतरांहून वेगळंच. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली कारभार प्रजेच्या हाती दिला होता. प्रतिसरकारच्या, म्हणजे सातारा भागात ब्रिटिशांना समांतर चाललेल्या सरकारच्या, अनेक भूमिगतांना याच संस्थानात आसरा मिळाला. प्रतिसरकारचं केंद्र असलेलं कुंडलही औंधचंच.

📖 तात्यांनी माणदेशातल्या, म्हणजे आटपाडीच्याच परिसरातल्या, खेड्यात मास्तरकीही केली. त्या अनुभवातून ‘बनगरवाडी’ (१९५५) आली. धनगरांच्या वाडीतला कोवळा मास्तर, लोकांनी अंगमेहनतीने उभारलेली तालीम आणि तिच्यासाठी वाडीत येणारे राजे, हे सगळं औंधच्या मातीतलं.

🏆 त्याआधीच ‘माणदेशी माणसं’ने (१९४९) ऐन बाविशीत नाव झालं. १९८३ साली ‘सत्तांतर’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. शिकणं शाळेबाहेरही चालू राहतं, याचा इतका भक्कम दाखला दुसरा नाही.

#माणदेश #औंध #व्यंकटेशमाडगूळकर