क्रूझरसाठी सॅडलबॅग घेताय? आधी सायलेन्सर बघा, लिटर नंतर मोजा

शुक्रवारी रात्री ग्रुपवर प्लॅन ठरतो. शनिवारी पहाटे पुण्यातून निघायचं, ताम्हिणी घाट उतरायचा, माणगावला चहा आणि दुपारचं जेवण दिवेआगरला. गाडी क्रूझर, मागे जोडीदार आणि सामान दोघांचं. पाठीवर सॅक घेऊन चार तास गाडी चालवली की खांदे बोलायला लागतात. सीटवर दोरीने बांधलेली सॅक मागच्या माणसाची जागा खाते. मग मोबाईलवर शोध सुरू होतो, सॅडलबॅगचा.

समोर ढीगभर पर्याय येतात. प्रत्येकावर ठळक अक्षरात लिटर लिहिलेले असतात आणि खाली एक वाक्य असतं, 'सर्व बाईकना बसते'. बरेच जण हे दोनच मुद्दे पाहून ऑर्डर देतात आणि तिथेच चुकतात. बॅगेत किती सामान मावतं हा खरं तर शेवटचा प्रश्न. ती चाकात जाणार नाही ना आणि सायलेन्सरवर वितळणार नाही ना, हा पहिला.

घोड्याच्या खुर्जीपासून बाईकपर्यंत

कल्पना जुनीच आहे. घोड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी जोडपिशवी टाकायचे, तिला मराठीत खुर्जी म्हणतात. वजन दोन्हीकडे सारखं वाटलं जातं, पाठीवर ढीग होत नाही आणि तोल सांभाळला जातो. बाईकची सॅडलबॅग याच तत्त्वावर चालते.

फरक एवढाच की घोड्याच्या पोटाशी फिरणारं चाक नव्हतं आणि तापलेला पाइपही नव्हता. क्रूझरमध्ये ही अडचण जास्त जाणवते, कारण या गाड्या मुळातच बुटक्या. बजाज अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटरवर, तर रॉयल एनफील्ड मिटिऑर ३५० ची ७६५ मिलिमीटरवर आहे. सीटवरून खाली सोडलेली बॅग लगेच सायलेन्सरपाशी पोचते.

'काढता येणारी' म्हणजे नेमकी कशी?

यात ढोबळमानाने तीन प्रकार येतात.

पहिला, सीटवर टाकायची कापडी जोडबॅग. दोन बॅगा वेल्क्रोच्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. त्या पट्ट्या सीटखालून किंवा सीटवरून घ्यायच्या आणि खाली बकलने ताणायच्या. स्वस्त, हलकी आणि एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जाणारी. पण आधार नसेल तर ती हलते आणि हलत हलत आत सरकते.

दुसरा, लोखंडी फ्रेमवर अडकवायची बॅग. बाजारात या फ्रेमला सॅडल स्टे म्हणतात. ती बोल्टने गाडीला कायमची बसते, बॅग मात्र पट्ट्यांनी निघते. फ्रेममुळे बॅग चाकापासून लांब राहते.

तिसरा, किल्लीने उघडणारी कडक पेटी. फ्रेमवर खटकन बसते, खटकन निघते आणि कुलूपही लागतं. हार्ले डेव्हिडसनने २०१२ च्या मॉडेलमध्ये 'स्विचबॅक' नावाची क्रूझर आणली होती, तिच्या कडक बॅगा आणि पुढची काच दोन्ही सहज काढता येत. आठवडाभर शहरात सुटसुटीत गाडी, सुट्टीत प्रवासाची गाडी, अशी ती कल्पना होती. तोटा म्हणजे कडक पेटी महाग, जड आणि रुंद असते.

म्हणून कापडी बॅग घेणाऱ्यांनी बजेटमध्ये फ्रेमचे पैसे आधी धरावेत. साधी बॅग चांगल्या फ्रेमवर बरीच वर्षं निभावते. महागडी बॅग फ्रेमशिवाय पहिल्याच खड्ड्यात चाकाला घासू शकते.

तीन ठिकाणी हात घालून बघा

सायलेन्सर: मिटिऑर ३५० आणि अ‍ॅव्हेंजरला एकच सायलेन्सर, उजवीकडे. सुपर मिटिऑर ६५० ला दोन, दोन्हीकडे एकेक. म्हणजे मित्राच्या गाडीवर नीट बसलेली बॅग तुमच्या गाडीवर बसेलच असं नाही. नायलॉन ६ हे बॅगांमध्ये वापरलं जाणारं कापड साधारण २२० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याआधीच मऊ पडून चिकटायला लागतं. प्लास्टिकचा थर दिलेलं कापड त्याहून लवकर हार मानतं. त्यामुळे बॅगेचा तळ आणि सायलेन्सर यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं पाहिजे, तेही बॅग भरलेली आणि मागे माणूस बसलेला असताना. शिवाय सायलेन्सरच्या टोकातून निघणारी गरम हवा थेट बॅगेवर येत नाही ना, तेही बघा.

चाक आणि चेन: गाडी खड्ड्यात आदळली की मागचं चाक वर येतं. उभ्या गाडीवर दिसणारं अंतर तेव्हा उरत नाही. त्याहून धोकादायक असतं ते सुटं लोंबणारं पट्ट्याचं टोक. ते चाकात किंवा चेनमध्ये गुंतलं तर मागचं चाक चालत्या गाडीत जाम होऊ शकतं. जास्तीचा पट्टा गुंडाळून बांधा किंवा सरळ कापून टोक जाळून घ्या.

इंडिकेटर आणि नंबर प्लेट: मागच्या गाडीला तुमचं वळण दिसलंच नाही तर बॅगेचा उपयोग काय? बॅग लावून दहा पावलं मागे जा आणि तिरकं उभं राहून बघा. इंडिकेटर, टेललाइट, नंबर प्लेट, तिन्ही स्पष्ट दिसायला हवेत.

साडी गार्ड काढायचा का?

डाव्या बाजूचा साडी गार्ड बॅगेच्या आड येतो म्हणून अनेक जण तो काढून टाकतात. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं तरी झाकणारं संरक्षण गाडीला असलंच पाहिजे. ओढणी चाकात गेली की काय होतं, हे सांगायची गरज नाही. त्यामुळे गार्डसकट बसणारी किंवा स्वतः तेवढं चाक झाकणारी फ्रेमच घ्या.

घरातलं कुणी मागे एका बाजूला पाय टाकून बसत असेल, तर डावीकडच्या बॅगेमुळे त्यांना पाय ठेवायलाच जागा उरत नाही. अशा घरासाठी सॅडलबॅगपेक्षा सीटच्या मागे कॅरिअरवर बसणारी बॅग बरी. हे विकत घेण्याआधी कळलेलं चांगलं.

पाऊस: 'वॉटरप्रूफ' शब्दाला फसू नका

वॉटर रेझिस्टंट म्हणजे भुरभुर झेलणारी. कापड कितीही जाड असलं तरी शिवणीच्या भोकांतून आणि चेनमधून पाणी आत शिरतंच. जुलैमधल्या ताम्हिणीत अशी बॅग फार वेळ टिकाव धरत नाही. उष्णतेने सांधे चिकटवलेली आणि तोंड गुंडाळून बंद करायची बॅग खऱ्या पावसात तगते.

आयपीएक्स क्रमांक दिला असेल तर तो वाचा. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण. आयपीएक्स ६ म्हणजे जोरदार फवारा झेलणारी. रेन कव्हर चालतं, पण ते वाऱ्याने फुगतं आणि उडून जातं, म्हणून त्याला दोरी हवी. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कपडे आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच बॅगेत ठेवणं.

आता लिटर आणि वजन

लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १,००० ने भागा. ४० × ३० × १५ ची बॅग म्हणजे १८ लिटर. दोन्ही मिळून ३६ लिटर, दोघांच्या दोन दिवसांच्या कपड्यांना पुरेसे. भरलेल्या बॅगा हँडलच्या रुंदीबाहेर जाऊ नयेत, कारण ट्रॅफिकमध्ये हँडल निघालं की चालवणाऱ्याला वाटतं, गाडी निघाली.

जड वस्तू तळाला आणि पुढच्या बाजूला ठेवा, दोन्हीकडचं वजन सारखं करा. गाडी किती भार घेते ते तिच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. त्यात चालवणारा, मागचा माणूस, फ्रेम आणि सामान, सगळं मोजायचं. चालवणारा ७५ किलो, मागचा माणूस ६० आणि बॅगा फ्रेमसह २०, म्हणजे १५५ किलो झालेच. भार वाढला की टायरमधली हवा आणि मागच्या शॉकअपची सेटिंग पुस्तिकेप्रमाणे बदला. मिटिऑर ३५० मध्ये त्याच्या सहा पायऱ्या आहेत.

निघण्याआधी घरची परीक्षा

बॅगेत जुने कपडे आणि वर्तमानपत्र भरून ती गाडीवर लावा. मागे कुणाला तरी बसवून सीट जोरात दाबायला सांगा आणि अंतर बघा. मग दहा मिनिटं पाइपने पाणी मारा. वर्तमानपत्र ओलं झालं तर बॅग परत करण्याचे दिवस संपायच्या आत निर्णय घ्या. शेवटी मोबाईलच्या उजेडात बॅग काढून पुन्हा लावा. पंधरा मिनिटं लागत असतील, तर मुक्कामाच्या ठिकाणी थकलेल्या रात्री ती गाडीवरच राहणार, आणि कापडी बॅग ब्लेडने कापायला काही क्षण पुरतात. पैसे, कागदपत्रं आणि औषधं म्हणूनच अंगावरच्या छोट्या बॅगेत असू द्या.

पहिले वीस किलोमीटर झाले की थांबा आणि पट्टे पुन्हा ताणा, कारण सामान बसलं की ते सैल होतात. आणि बॅगेत जागा उरली म्हणून ती भरलीच पाहिजे असं नाही. 'खोगीरभरती' हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही.