ओट्याखालचे कपाट

रांगणारे मूल धरून उभे राहू लागले की कमरेखालचे सारे घर त्याच्या राज्यात जाते, आणि ओट्याखालचे कपाट ही त्या राज्याची राजधानी ठरते. पातेली वाजली, डाळ सांडली, तर बिघडत नाही. एक खण त्याच्यासाठी मुद्दाम मोकळाच ठेवावा, असे माझे मत आहे. भय आहे ते निराळ्या वस्तूंचे. मोरी साफ करण्याचे दाहक द्रव्य, फिनेल, रॉकेल आपण सवयीने खाली ठेवतो, आणि तेही पुष्कळदा सरबताच्या रिकाम्या बाटलीत! मूल बाटली ओळखते. आतले द्रव्य त्याला कळत नाही. असे काही त्याच्या पोटात गेल्यास ओकारी काढवू नये. दाहक द्रव्य वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. रॉकेल फुप्फुसांत उतरते, आणि त्याचा खरा घात तेथेच होतो. मुलाला तडक इस्पितळात न्यावे, बाटली सोबत घ्यावी. खालच्या दारांना कडी अवश्य लावावी. पण कढई काढताना आपण ती उघडी टाकतो, हे मूल नेमके हेरते. म्हणून ही द्रव्ये मूळच्या डब्यांतच, उंच फळीवर, कुलपात ठेवावी. आणि त्या फळीखाली स्टूल असू नये.