चौघडी आणि कातर

अमरावतीजवळचं नवसारी असो की अकोला जिल्ह्यातलं बाभूळगाव, तिथल्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश हवा असेल तर पाचवीतल्या मुलाला आकृत्या वाचता आल्याच पाहिजेत. निवड परीक्षेतल्या ८० प्रश्नांपैकी ४० मानसिक क्षमतेचे आणि तेही सगळे चित्रांचे. १०० पैकी ५० गुण त्यांनाच. या प्रश्नांना भाषा लागत नाही, म्हणून ते उपजत बुद्धी मोजतात, तयारीने फरक पडत नाही, असं पुष्कळ पालक मानतात. मला हे पटत नाही. जॉन रेव्हन यांनी १९३८ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केलेल्या आकृती-चाचणीत पुढच्या पिढ्यांचे गुण देशोदेशी वाढत गेले, हे जेम्स फ्लिन यांनी १९८७ साली दाखवून दिलं. एका पिढीत मेंदूची उपजत घडण बदलत नाही. बदलते ती पाहण्याची सवय. आणि सवय लावता येते.

कागदाच्या घडीचा प्रश्न घ्या. चौकोनी कागद उभा दुमडला, मग आडवा, की चौघडी झाली. जिथे सगळ्या घड्या एकत्र मिळतात तो कोपरा कातरला, तर उलगडल्यावर बरोबर मधोमध एकच भोक दिसतं. समोरचा सुटा कोपरा कातरला, तर कागदाचे चारही कोपरे जातात. घडीच्या कडेवर मधेच अर्धगोल कापला, तर दोन पूर्ण गोल मिळतात. हे नियम पाठ करून भागत नाही, कारण पुढच्या प्रश्नात घडी तिरपी येते. कोणी म्हणेल, परीक्षेत प्रश्नाला जेमतेम दीड मिनिट, तिथे कागद कोण दुमडणार? दुमडायचा नाहीच. आधी कातरून पाहायचं, मग कातरण्याआधी उत्तर सांगायचं, शेवटी कागद बाजूला ठेवायचा. अंदाज चुकला तर कुठे चुकला ते कागदच दाखवतो. उत्तरसूचीतला पर्याय क्रमांक ते दाखवत नाही.

सराव संच सोडवूनही गुण मिळतात, हे खरं. पण त्याने वेग येतो, समज येईलच असं नाही. आकृतिमालिकेत काय बदललं ते मुलाने तोंडाने सांगायला हवं: बाण दर वेळी एक घर सरकतो, ठिपका आलटून पालटून काळा-पांढरा होतो. कपाशीच्या ठरावीक तासांमागे तुरीचं तास येतं, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. मालिका त्याच्या डोळ्यांत असतेच, ती शब्दांत मांडायला त्याला कोणी सांगितलेलं नसतं. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत. म्हणून हे काम शिकवणी वर्गांवर न सोडता जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिसरी-चौथीपासूनच, जुनं वर्तमानपत्र आणि कातर घेऊन सुरू व्हायला हवं.