चंदेरीचा भाव इनबॉक्समध्ये का?

ग्वाल्हेरमध्ये चंदेरी साड्या विकणारे अनेक दुकानदार हल्ली व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर फोटो टाकतात आणि खाली लिहितात, ‘भावासाठी मेसेज करा’. फोटो पोहोचला की माहिती पोहोचली, असा यामागचा समज आहे. पण जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या चंदेरीच्या या कापडाची किंमत ज्यावर ठरते, ते फोटोत कळतच नाही. उभा धागा रेशमाचा आहे का, आडवा सुती की रेशमी, वीण हातमागावरची की यंत्रमागावरची, हे लिहूनच सांगावं लागतं. यंत्रमागाची नक्कल हातमागाच्या भावात खपते ती याच मौनामुळे, आणि त्यात विणकर व गिऱ्हाईक दोघंही नाडले जातात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस चोवीस तासांत नाहीसं होतं. उद्या तक्रार करायची झाली तर गिऱ्हाइकानं दाखवायचं काय?

भाव उघड केला तर शेजारचा तो पाडून विकेल, ही दुकानदाराची भीती खोटी नाही. मात्र शेजाऱ्याला भाव काढायचाच असेल तर तोही गिऱ्हाईक बनून मेसेज करू शकतो. अडतं ते संकोची, घाईतलं, खरंखुरं गिऱ्हाईक. ‘ऑनलाइन विक्रीचे नियम फक्त बड्या कंपन्यांना’ हाही गैरसमजच. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० उलाढाल पाहून सूट देत नाहीत. स्वतःच्या वेबसाइटवरून माल विकणाऱ्या दुकानालाही आपलं कायदेशीर नाव, पत्ता, करांसह एकूण किंमत आणि माल परत घेण्याच्या अटी तिथंच द्याव्या लागतात. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करणं बंधनकारक आहे. गिऱ्हाईक असल्याचं भासवून आपल्याच मालाचं कौतुक लिहिणं तर सरळ निषिद्ध.

मग मेसेज पाठवूच नयेत का? जरूर पाठवावेत, पण माहितीचं ठाणं दुसरीकडे, सर्वांना उघड असावं. विजेचंच उदाहरण घ्या. ‘आज रात्री वीज तोडू, या नंबरवर फोन करा’ असे फसवे मेसेज देशभर फिरले. ग्वाल्हेरच्या वीजग्राहकाला ते पडताळता येतात, कारण मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचं संकेतस्थळ आणि १९१२ हा क्रमांक तो स्वतः गाठू शकतो. साडीच्या दुकानाला इतका पसारा नको. प्रत्येक साडीखाली धागा, माग, लांबी, ब्लाउजपीस आहे की नाही आणि पूर्ण किंमत लिहिलेलं एक कायमचं पान पुरे. मेसेजमध्ये त्याच पानाचा दुवा द्यावा.