काबोचे भूशिर : तट, मठ आणि उद्यान

गोव्यात मांडवी आणि झुआरी या नद्यांच्या मुखांमध्ये समुद्रात शिरलेल्या खडकाळ टोकाला पोर्तुगीजांनी ‘काबो’, म्हणजे भूशिर, असे नाव दिले. तेथील वास्तूचे धनी आणि प्रयोजन वारंवार बदलले. नाव मात्र भूगोलाचेच राहिले. किल्ल्याचा प्रासाद होताना सत्तेची भाषा कशी पालटते, हे अभ्यासण्यासाठी काबो हे मार्मिक उदाहरण ठरते.

सोळाव्या शतकात या टोकावर तटबंदी आणि ‘नोसा सेन्योरा दो काबो’ हे प्रार्थनामंदिर उभे राहिले. उत्तरेस आग्वाद (१६१२) आणि दक्षिणेस मुरगाव (१६२४) हे किल्ले झाल्यावर बंदराच्या संरक्षणरेषेत काबोचे स्थान मधले ठरले. १५९४ मध्ये येथे फ्रान्सिस्कन मठ आला. फ्रेंच आक्रमणाच्या भीतीने गोव्यात उतरलेल्या इंग्रज फौजेचा तळ १७९९ पासून सुमारे १८१३ पर्यंत येथे होता. १८३४-३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाल्यावर मठाचे मठपण संपले. त्यानंतर वास्तू आधी आर्चबिशपांचे आणि मग गव्हर्नरांचे निवासस्थान झाली. १७५९ पासून पणजीतील आदिलशाही राजवाड्यात असलेले सत्ताधीशांचे अधिकृत निवासस्थान १९१८ मध्ये कायमचे काबोला आले. १९६१ च्या मुक्तीनंतर हेच ‘राजनिवास’ झाले आणि १९८७ मध्ये गोव्याला राज्याचा दर्जा मिळाल्यावर ‘राजभवन’.

या स्थित्यंतराचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे तेथील उद्यान. मराठी परंपरेतही गडावरील वृक्षांचा विचार आहे. १७१५ च्या सुमाराचे, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले ‘आज्ञापत्र’ गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखे मोठे वृक्ष, तसेच लिंबू-नारिंगाची लहान झाडे आणि फुलझाडेही लावावीत, जतन करावीत, असे सांगते. त्यामागचा हेतू सौंदर्याचा नव्हे : प्रसंग पडल्यास निदान लाकूड तरी हाताशी असावे. गडाभोवतीची दाट झाडीही तेथे संरक्षणाचाच भाग मानली आहे. या संहितेत वृक्ष हा वेढ्याच्या काळातील साठा आहे.

काबोच्या उद्यानात वृक्षाचा अर्थ उलटतो. शत्रूचे गलबत हेरण्यासाठी निवडलेल्या कड्यावरून आता सूर्यास्त पाहावयाचा असतो. जेथून टेहळणी होई तेथे हिरवळ आणि फुलांचे ताटवे येतात. नजर तीच, तिचे प्रयोजन निराळे. या बदलाला शौर्याकडून विलासाकडे झालेली घसरण म्हणणे सोपे आहे, परंतु अपुरे आहे. आदिलशाही राजवाडा पणजीत, नदीकाठच्या वर्दळीत होता; काबो तीन बाजूंनी समुद्राने वेढलेले. तेथे जाताना सत्ता नागरिकांपासून दूर सरली, आणि तटाचे काम अंतराने केले. उद्यान हे या अंतराचे सौम्य रूप होय.

म्हणूनच १९६१ नंतरचा प्रश्न केवळ वास्तुजतनाचा राहत नाही. वसाहतीच्या सत्तेने एकांतासाठी निवडलेली जागा लोकशाहीतील पदाला वारशाने मिळाली. नाव, ध्वज आणि निवासी बदलले, तरी जागेची रचना आपला जुना अर्थ सहजासहजी सोडत नाही. तटबंदी पाडल्याने किल्ला संपतो असे नाही. आत कोणाला, कोणत्या निमित्ताने प्रवेश मिळतो, यावर त्याचे संपणे अवलंबून असते.