ज्येष्ठांचा हर्निया आणि दोंडाईचाची जाळी

जांघेतील हर्निया, अर्थात अंतर्गळ, हा उतारवयातील पुरुषांमध्ये प्रामुख्याने आढळणारा विकार आहे. पोटाच्या भिंतीतील स्नायू दुबळे झाले, की आतड्याचा भाग जांघेत उतरतो. जुनाट खोकला व बद्धकोष्ठता यांमुळे त्यास हातभार लागतो. पट्ट्याने वा औषधाने तो बरा होत नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय होय. त्रास नसल्यास वैद्यकीय देखरेखीखाली थांबता येते. मात्र आतडे अडकून रक्तपुरवठा खंडित झाल्यास तातडीची शस्त्रक्रिया अटळ ठरते आणि वृद्धांसाठी तीत मोठी जोखीम असते. याउलट नियोजित शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊनही करता येते.

शस्त्रक्रियेत दुबळ्या जागी कृत्रिम जाळी बसवितात. तिची किंमत ही ग्रामीण भागातील मुख्य अडचण होती. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी त्यासाठी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरले. त्यांचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे युगांडातील सुमारे ३०० पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना करण्यात आली. वर्षभरानंतर हर्निया पुन्हा उद्भवण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही, असे २०१६ मध्ये स्पष्ट झाले.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न ठेवता वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आहे. खर्चाचा अडसर असा कमी होत असताना संकोचापायी दुखणे लपविण्याची प्रवृत्ती दूर करणे, हेच आता खरे आव्हान आहे.