खोडकिड्याचा जबडा
निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत जुन्या वेलीच्या बुंध्याशी भुशाची लहानशी रास दिसली, की अनुभवी बागाईतदार ओळखतो की आत खोडकिड्याची अळी, कोणाचीही इजाजत न घेता, आपली वहिवाट कोरीत आहे. अंगाने मऊ, पांढुरकी आणि जवळजवळ पायहीन अशा या जीवाने कठीण काष्ठ फोडावे, याचे नवल वाटते खरे. परंतु तिचे सारे सामर्थ्य काळ्याभोर जबड्यात एकवटलेले असते. कात टाकल्यावर हा जबडा फिकट व मृदू असतो. मग कायटिनच्या तंतूंभोवतीची प्रथिने, चामडे कमावताना घडते तशा रासायनिक क्रियेने परस्परांत गुंफली जातात, पाणी निघून जाते आणि धार काळवंडून कठीण होते. कित्येक काष्ठभक्षक कीटक तर या धारेत जस्त किंवा मँगेनीजही साठवतात. कोरड्या लाकडातील वाळवीचा जस्तयुक्त जबडा त्यामुळे सुमारे 20 टक्के अधिक कठीण भरतो. (काही अळ्या धातूवाचूनही तितक्याच कठीण जबड्याने निभावतात, हा निसर्गाचा निराळाच कारभार!) या अळीचा प्रौढ भुंगेरा अंडी घालतो ती सालीच्या आडोशाने, म्हणून बागाईतदारांनी पावसाळ्यातच सैल साल खरवडून काढावी, कारण अळी एकदा आत शिरल्यावर तिच्यापर्यंत औषध पोहोचविणे कठीण.